सहा देशांचा मिक्सर

टुण्.

दुपारचे अडीच वाजले होते. थापटून थापटून संचिताचा हात अवघडला होता आणि पाच वर्षांच्या दिव्याचे डोळे आत्ता कुठे मिटले होते. पडवीत सासूबाई, म्हणजे सत्यवतीबाई, आडव्या झाल्या होत्या. खाडीतल्या होड्यांची इंजिनंसुद्धा गप्प होती. आईमाणसाला चहाचा एक कप पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत गरम पिता यावा, अशी ही देवाने नजरचुकीने दिलेली वेळ. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, टुण्.

संचिता कप घेऊनच धावली. आत कोणी नव्हतं. ओट्यावर नवा मिक्सर होता, प्लग लावलेला, बटण बंद. त्याच्या पोटावरचा निळा दिवा दोनदा मिचकला आणि विझला.

"कोणी हात लावल्यानी गो तेका?" पडवीतून प्रश्न आला.

"कोणी नाय, आई. बेंगळुराहून तेका काय तरी निरोप इलो."

"बेंगळुराहून? दारातसून तर कोण गेलो नाय."

"हवेतसून इलो."

सत्यवतीबाईंनी यावर थोडा विचार केला. "मगे खिडकी लावून घे," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

खिडकी लावायला संचिता गेली खरी, पण हात गजावर ठेवून तशीच उभी राहिली. बाहेर माडांची रांग, तिच्यापलीकडे समुद्र. मागच्या दारी खाडी. मालवणपासून अकरा किलोमीटरवरची ही खारवाडी, जिथे पावसाळ्यात पोस्टमनसुद्धा विचार करून येतो. आणि इथल्या एका ओट्यावरच्या मिक्सरला बेंगळुरूमधलं कोणीतरी, भरदुपारी, आपल्या हाताने काहीतरी शिकवत होतं. तिच्या अंगावर काटा आला. चहा गार झाला तो झालाच.

मिक्सर विकतचा नव्हता. ज्या कंपनीचा होता तिचं नाव इतकं लांब होतं की गावाने पहिल्याच दिवशी त्याचं 'कंपनी' करून टाकलं. ही कंपनी दुनियाभर स्वयंपाकघरातली यंत्रं विकते, आणि आता तिने मनावर घेतलं होतं की पाट्यावर वाटल्यासारखं वाटप देणारा मिक्सर करायचा. त्यासाठी भारतात चोवीस घरं निवडली होती. बारा आठवडे घरच्यासारखं वापरायचं, रोज चवीला दहापैकी गुण द्यायचे, बाकीचं मिक्सर स्वतःच्या पोटातल्या सिमकार्डावरून कळवणार. संचिताने हा फॉर्म दिव्याला पेज भरवता भरवता फोनवर भरला होता, डाव्या हाताने. दोडामार्गच्या माहेरी असताना ती रोज बसने गोव्यातल्या औषधांच्या कारखान्यात जायची, तिथल्या प्रयोगशाळेत दीड वर्ष होती. मग लग्न, मग दिव्या. पांढरा कोट कपाटात सर्वांत खाली होता आणि त्यात आता डांबरगोळ्या होत्या.

फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: ज्या घरांच्या नोंदी निर्दोष राहतील, त्यांतून एका व्यक्तीला कोकणपट्टीची घरबसली परीक्षक म्हणून कायम काम मिळेल. ती ओळ तिने कुणाला वाचून दाखवली नाही. फक्त सुदेशला. सुदेश तिचा नवरा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "गावतला तुका." आणि पान्याला ग्रीस लावत राहिला. त्याच्या तोंडचे 'मिळेल तुला' एवढे दोन शब्द म्हणजे इतरांचं भाषण असतं.

पुण्याच्या ऑफिसातून समीक्षा नावाच्या मुलीचा पहिला फोन आला तेव्हा संचिताने आवाज प्रयोगशाळेतला काढला. समीक्षाने समजावून सांगितलं. मोटार जर्मनीत केली. पाती जपानमध्ये, कारण पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या घासणारी माणसं तिथे आहेत. आवाज कमी करणारे लोक डेन्मार्कचे. आकार, मूठ, रंग हे इटलीचं. सगळ्या आकड्यांचं गणित अमेरिकेत. आणि त्याचं डोकं, म्हणजे आतली चिप आणि प्रोग्राम, ते बेंगळुरूचं.

"असं का पण? एका जागी नाही का करता येत?"

"जिथे जे उत्तम जमतं तिथे ते काम, मॅडम. एका ठिकाणी संध्याकाळ झाली की दुसऱ्या ठिकाणी सकाळ. काम थांबतच नाही."

संचिताला हे इतकं आवडलं की तिने दबकत विचारलं, "मग आमच्याकडे काय उत्तम जमतं? म्हणजे, मला का निवडलं? माझं बीएस्सी केमिस्ट्री आहे म्हणून?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तुमच्याकडे गंज उत्तम येतो, मॅडम," समीक्षा म्हणाली. "खारा वारा. घर क्रमांक चौदा आम्ही गंजासाठी घेतलंय."

संचिताने 'थँक यू' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या संध्याकाळी तिने दिव्याला समोर बसवून जमिनीवर सहा नारळ मांडले. हा जर्मनी, हा जपान, हा डेन्मार्क. दिव्याने दोन दिवसांत ते सगळं चालीवर पाठ केलं आणि अंगणवाडीत बाईंनी फळांची नावं विचारल्यावर म्हणून दाखवलं.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला दाखल्यापायी.

यंत्रात सिमकार्ड असल्याने कंपनीला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. ग्रामसेवक भला माणूस. त्याने कॉम्प्युटरवर सगळे नमुने उघडून दाखवले: घरदुरुस्ती, विहीर, मांडव, मोबाईल टॉवर, पिठाची गिरणी.

"वहिनी, 'संशोधन' असा नमुनाच नाही. यातलं सगळ्यात जवळचं काय?"

दोघांनी पंधरा मिनिटं गांभीर्याने विचार केला. सिमकार्ड आहे म्हणजे टॉवर म्हणावा, तर टॉवरला जमिनीचा उतारा लागतो आणि गावात हरकती येतात. शेवटी जे दळतं ते गिरणीच्या जवळचं, असा शास्त्रीय निष्कर्ष निघाला. दाखला मिळाला. नियमाप्रमाणे त्याची प्रत पंधरा दिवस फलकावर लागली: सौ. संचिता सुदेश यांना राहत्या घरी गिरणी चालवण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.

गावात काहीही वाचलं जात नाही असं म्हणणाऱ्याने तो फलक बघावा.

पहिल्या आल्या शेजारच्या विमलाकाकी. टोपात खवलेलं खोबरं, वर भाजलेले धणे आणि मिरच्या. "गिरण काढलंस ता बरा केलंस गो," त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "माझो मिक्सर मेलो घरघरता खूप आणि वाटता कमी, आमच्या ह्येंच्यासारखो. एकदा फिरवून दी."

"काकी, ही गिरण नाय. ह्यो प्रयोग आसा. फक्त आमच्याच घरचा वाटूचा असता."

"मगे मी काय परकी?"

दिव्याला गेल्या वर्षी ताप चढला तेव्हा सुदेश समुद्रावर होता आणि याच काकी तीन दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. संचिताने टोप घेतला. मिक्सर फिरला, जराही आवाज न करता. डेन्मार्कने खरंच काम केलं होतं. काकींनी बोट बुडवून चाखलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "गो बाये! लोणी!"

काकींचे डोळे विस्फारले की वाडीला कळायला वेळ लागत नाही. आठवडाभरात दुपारी चार ते सहा ओट्यासमोर टोपांची रांग लागू लागली. संचिता रोज ठरवायची, आज शेवटचं. पण रिकामा टोप घेऊन परत जाणाऱ्या बाईची पाठ तिला बघवत नसे. मात्र तिने एक केलं. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं की नोंदवहीत खोटं लिहायचं नाही, खोडायचं नाही. तिने दिव्याच्या अंकलिपीशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आणि प्रत्येक टोपाची नोंद केली: कोणाचं, किती नारळ, ओलं की भाजलेलं, पाणी किती, किती मिनिटं, भांडं किती तापलं. हे कंपनीला दाखवायचं नव्हतं. ते कोणाला दाखवायचं होतं हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पण तारीख घालून, खाली रेघ मारून सही केली की तेवढी दोन मिनिटं अंगावर पांढरा कोट असल्यासारखं वाटायचं.

चवीचे गुण सत्यवतीबाई द्यायच्या. त्या रोज दोन द्यायच्या.

"दहापैकी दोन, आई? अहो सहा देश राबतहत!"

"म्हणान तर दोन दिलंय. नायतर एक दिलंय असतंय." त्या वाटपाला करंगळी लावायच्या. "तापता ह्या. तापला की खोबऱ्याक तेल सुटता, मगे सांबाऱ्याक वास येता. पाटो कधी तापता? तो आपलो थंड."

संचिता शेऱ्यांच्या चौकटीत इंग्रजीत लिहायची: 'गेट्स हॉट'. चोवीस घरांच्या हजारो शेऱ्यांत तो कुठे गेला असेल कोण जाणे.

मग आली चवथ.

गणपतीत खारवाडीत माणसं किती असतात हे विचारू नये. मुंबईची, गोव्याची, पुण्याची सगळी घरी. रोज कुणाकडे तरी भजन, आणि भजनाला काळ्या वाटाण्याची उसळ. उसळीला वाटप. भिकाजीबुवा, ज्यांच्या पेटीवर वाडीची सगळी भजनं चालतात, ते स्वतः आले. बुवा एरवी कुणाच्या दारात कामासाठी जात नाहीत. त्यांच्यामागे दोन बायका आणि दोन पातेली.

"संचिता, हां बघ, ह्या माझा नाय. ह्या देवाचा," बुवा म्हणाले. "जर्मनीवाल्यांका पुण्य लागतला."

जर्मनीला पुण्य लागलं की नाही माहीत नाही, आकडे मात्र लागले. चौघांच्या घरात आठवड्याला चौदा वेळा फिरावा असा मिक्सर त्या आठवड्यात दोनशे छत्तीस वेळा फिरला.

समीक्षाचा फोन आला. आवाज मऊ, आजारी माणसाशी बोलावा तसा. "मॅडम, सहज विचारते. तुमच्या घरी माणसं किती?"

"चार. त्यातलं एक पाच वर्षांचं."

"नक्की?"

संचिताने घराकडे नजर टाकली, जणू कोणी मोजायचं राहिलं असावं. "नक्की."

"नाही, काय झालंय, अमेरिकेच्या टीमने पूर्ण रविवार तुमच्या घरावर काढलाय. तुम्ही चौघं आठवड्याला एकशे नव्वद नारळ खाता. ते म्हणतात, एक तर यंत्र चुकतंय किंवा कोकणातला आहार कुणालाच नीट माहीत नाही. जर्मनीने मोटारीची तार जाड करायला घेतली आहे. इटलीने मोठं भांडं काढलंय कागदावर. डेन्मार्क विचारतंय की दुपारी चार ते सहा तुमच्याकडे जे चौथं जेवण असतं, त्याचं नाव काय?"

आता बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण त्यांच्यामागोमाग ती बारीक अक्षरांतली ओळ आली, 'निर्दोष नोंदी', आणि संचिताच्या तोंडून निघालं, "सध्या सण आहे ना."

फोन ठेवल्यावर ती चुलीपाशी बसली. एका टोपाला नाही म्हणता आलं नाही म्हणून जर्मनीत तार जाड होत होती! कुठलातरी इटालियन बाप्या आपला घास बाजूला ठेवून विमलाकाकींच्या टोपाएवढं भांडं रेखत होता. भीती तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली, अगदी तळाशी, तिला कसलंसं भरून आलं होतं. इथे वरवंटा हलला आणि तिकडे डोंगर हलला, असं काहीसं.

अकराव्या दिवशी बुवांच्या घरचं विसर्जन. साठ माणसांची उसळ. सोळा नारळांचं भाजलेलं वाटप. पंधरावा नारळ संपेपर्यंत मिक्सर तक्रार न करता फिरला. सोळाव्याला त्याने एक लांब, जवळजवळ माणसासारखा सुस्कारा टाकला, वायर जळल्याचा वास आला, पोटावरचा दिवा लाल झाला आणि तो थांबला तो थांबला.

स्वयंपाकघरात बुवा, विमलाकाकी आणि आणखी सहा बायका मिक्सरभोवती उभ्या राहिल्या. बुवांनी नकळत टोपी काढली.

चार मिनिटांत फोन वाजला. मिक्सरने आपल्या मरणाची बातमी जाण्यापूर्वी स्वतःच बेंगळुरूला पोचवली होती. "मॅडम, परवा साडेअकराला सगळ्यांचा कॉल ठेवलाय," समीक्षा म्हणाली. "सगळे देश आहेत. अमेरिकेत तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील, पण ते म्हणाले, घर क्रमांक चौदासाठी जागू."

मधला दिवस वाडीने सल्ल्यांत घालवला. आता कुठे सगळ्यांना ती बारीक ओळ कळली होती आणि सगळे एकदम शरमले होते. शरमलेली माणसं सल्ला फार जोरात देतात.

"सरळ सांग, आमच्या घरात चाळीस माणसा," विमलाकाकी म्हणाल्या. "तपासूक इले तर आमी सगळी येवन बसतो पडवेत. तेंका खंय कळता कोण कोणाचो?"

"खोटा कित्याक बोलूचा?" बुवा म्हणाले. "गणपतीचा नाव सांगायचा. गणपतीक कोण नाय म्हणतलो?"

"तेंच्यात डेन्मार्क आसा, बुवा."

"मगे डेन्मार्काक मी समजावतंय."

सत्यवतीबाई वाल सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "वहीत काय लिवलंस ता वाच," एवढंच म्हणाल्या.

साडेअकराला फोन हळदीच्या डब्याला टेकवून उभा केला. संचिताने चांगली साडी नेसली होती. पांढरा कोट काढून बघितला, पण डांबरगोळ्यांचा वास जाईना. खिडकीबाहेर सगळी वाडी, आपण तिथे नाहीच अशा चेहऱ्याने. पडद्यावर एकेक चौकट उघडत गेली. जर्मनीत सकाळचे आठ, एक गोरा माणूस टोस्ट खात होता. जपानमध्ये दुपार, एक पांढऱ्या केसांचे आजोबा ताठ बसलेले. डेन्मार्कची बाई, तिच्या मांडीवर मांजर. इटलीचा मिशीवाला. अमेरिकेच्या चौकटीत काळोख आणि त्यात चष्म्याच्या दोन काचा. बेंगळुरूचे तिघं. पुण्याची समीक्षा.

संचिता बघतच राहिली. ही सगळी माणसं, ज्यांच्याकडे ऊन वेगवेगळ्या अंशांत पडत होतं, ती आत्ता तिच्या ओट्याकडे बघत होती, जिथे कोपऱ्यात दिव्याने खडूने मासा काढला होता. काल पाठ केलेलं सगळं इंग्रजी एका क्षणात उडून गेलं. राहिलं ते दोडामार्गहून बसने जातायेता शिकलेलं, सरळ, मोडकं.

"सर, मॅडम," ती म्हणाली, "ते एकशे नव्वद नारळ आमचे नाहीत. आमचे सात. बाकीचे सतरा घरांचे. मी सही केली होती की फक्त घरचं वाटीन. मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या नोंदी निर्दोष नाहीत. माझ्यामुळे तुम्ही तार जाड केलीत. मला माफ करा."

जर्मनीचा टोस्ट हवेत राहिला. मग बेंगळुरूमधला एक जण म्हणाला, "म्हणजे घर चौदा तुलनेतून बाद." तो हे वाईट मनाने म्हणाला नाही; तसा नियमच होता. समीक्षाने मान खाली घातली. संचिताने मान हलवली. तिला ठाऊकच होतं.

"पण सतरा घरं कोणती, किती, ते माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. पुढे काही करायचं म्हणून नव्हे. लिहिलं होतं म्हणून.

जपानचे आजोबा पुढे झुकले. मग आणखी झुकले. "पान उलटा," त्यांनी हाताने खूण केली. तिने उलटलं. "आणखी." ओलं, भाजलेलं, पाणी, मिनिटं, ताप. एकेक पान, प्रत्येकाखाली रेघ आणि सही. अमेरिकेच्या काळोखात एकाएकी दिवा लागला. तिथल्या माणसाने उठून वही-पेन आणलं होतं. जर्मन माणूस इंग्रजीत काहीतरी भराभर सांगत होता. समीक्षाने भाषांतर केलं, आणि करता करता तिचाच आवाज चढला: "मॅडम, ते म्हणतायत, प्रयोगशाळेत यंत्राला दहा वर्षांचं म्हातारपण आणायला त्यांना सात महिने लागतात, खोटं वाटप घालून. तुम्ही सहा आठवड्यांत आणलंत. खऱ्या वाटपाने. आणि कधी, कशाने, किती तापून, ते सगळं लिहून."

"गेट्स हॉट हा शेरा तुमचाच का?" जपानी आजोबांनी विचारलं. "कोणत्या उपकरणाने मोजलंत?"

संचिताने मागे वळून पाहिलं. सत्यवतीबाई वाल ठेवून उठल्या, पदर नीट केला आणि फोनसमोर करंगळी धरली.

"ह्येना," त्या म्हणाल्या. "चार नारळ वाटून झाले की कळता. पात्याच्या मुळाकडे तापता, वर नाय. पाटो तापणा नाय, कारण हात थकता आणि थांबता. तुमचो मिक्सर थकणा नाय. तेका मधी मधी जरा थकूक शिकवा."

समीक्षाने जमेल तसं सांगितलं. आजोबांनी ते कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाले की पात्याच्या मुळाशी चार अंश जास्त असतात, हे त्यांना आठ महिन्यांनी सापडलं होतं. थकायला शिकवावं हे मात्र अजून कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला. सत्यवतीबाईंनी हात जोडले. आजोबा पुन्हा वाकले. यांनी पुन्हा हात जोडले. हे बरंच चाललं, कारण दोघांपैकी कुणालाच आधी थांबणं शोभण्यासारखं वाटेना. शेवटी खिडकीबाहेरून विमलाकाकी ओरडल्या, "सत्यवती, पुरे! तेंच्या कमरेक काय तरी होयत!"

परीक्षकाचं ते काम रत्नागिरीकडच्या घर क्रमांक नऊला गेलं. त्यांच्या नोंदी निर्दोष होत्या. समीक्षाने हे स्वतः फोन करून सांगितलं आणि संचिताने नीट, प्रयोगशाळेतल्या आवाजात, ऐकून घेतलं. त्या दिवशी सुदेश लवकर घरी आला, दिव्याला खाडीवर घेऊन गेला आणि जाताना संचिताच्या हातात गरम चहाचा कप देऊन गेला. तिने तो पूर्ण प्यायला. थोडा खारट झाला होता.

मेलेला मिक्सर खोक्यात घालून गेला. उघडल्यावर त्याची मोटार जर्मनीला जाणार होती, पाती जपानला, बाकीचं ज्याचं त्याला. वहीसुद्धा गेली. विमलाकाकींनी निरोपाला खोक्यावर कुंकू लावलं.

थंडी सुरू झाली आणि एक दिवस नवं खोकं आलं. त्यासोबत एक कागद. या कंपनीचा यापुढचा प्रत्येक मिक्सर, कुठल्याही देशात झाला तरी, बाजारात जाण्याआधी एका परीक्षेतून जाईल: रोज चाळीस नारळ, निम्मे ओले, निम्मे भाजलेले, सहा आठवडे. परीक्षेचं नाव 'खारवाडी टेस्ट'. आणि खाली, पेनाने, समीक्षाच्या अक्षरात: 'ही परीक्षा लिहून काढायला त्यांना माणूस हवंय. सहा महिन्यांचं काम आहे, पुढचं पुढे. त्यांनी मला नाव विचारलं, मी दिलं. तुम्ही हो म्हणाल ना?'

संचिताने तो कागद तीन वेळा वाचला. तिच्या डोळ्यांसमोर जर्मनीतलं कुठलंतरी स्वच्छ, पांढरं दालन आलं, जिथे हातमोजे घातलेले गंभीर लोक नारळ खवत होते आणि भिंतीवर लिहिलं होतं 'खारवाडी'. तिला हसू आलं आणि मग हसूच थांबेना.

नव्या मिक्सरमध्ये खोबरं घातलं. तो फिरला, थोडा फिरला आणि मग, कुणी बटण न दाबता, थांबला. श्वास घेतल्यासारखा. पुन्हा फिरला. सत्यवतीबाईंनी करंगळी लावली. बराच वेळ तोंडात घोळवलं. दाराबाहेर टोप घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी श्वास रोखला.

"पाच," त्या म्हणाल्या.

वाडीत इतका आरडाओरडा भजनालासुद्धा झाला नव्हता.

दिव्या स्टुलावर चढली होती. ती मिक्सरला गोंजारत एकेका भागावर बोट ठेवून आपली जुनी चाल म्हणत होती. "मोटार जर्मनीची. पाती जपानची. आवाज डेन्मार्काचो. मूठ इटलीची. गणित अमेरिकेचा. डोक्या बेंगळुराचा. थकता कसा, ता आजयेचा." सगळ्या भागांवरून बोट फिरून आलं. तिने मिक्सर सगळ्या बाजूंनी पाहिला, मागूनही, झाकण उचलून आतही. मग ती आईकडे वळली, अगदी मनापासून शोधत असल्यासारखी.

"आई, मगे ह्येच्यात तुझा खंयचा?"

संचिताने ओट्यावरची नवी वही उघडली, तारखेखाली 'पाच' लिहून सही केली आणि दिव्याचं बोट त्या सहीवर ठेवलं. मिक्सर नेमका तेव्हाच थांबला होता.